मण्यांचा माग

मराठी घरांत मंगळसूत्र तुटलें असें सहसा कोणी म्हणत नाहीं. तें ‘वाढलें’ असें म्हणतात. बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ असाच शब्दप्रयोग होतो. अशुभ शब्द तोंडांतून निघूं नये म्हणून केलेली ही योजना आहे. परंतु शब्द गोड केल्यानें घडलेली गोष्ट बदलत नाहीं. काळ्या मण्यांची पोत ओघळली कीं घरांतील लहानथोर सर्व जमिनीवर ओणवे होऊन मणी वेंचूं लागतात. आणि वेंचलेले मणी पाहिले तर त्यांतला बहुधा एकहि फुटलेला नसतो. दगा देतो तो मणी नव्हे, दोरा. मण्यांच्या दागिन्यांचा विचार करतांना पहिली ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ती हीच.

पुराणवस्तुसंशोधकांनाहि हाच अनुभव येतो. जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवजवळील पाटणें येथें शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सांपडले. ते सुमारें पंचवीस हजार वर्षांपूर्वींचे मानले जातात. तेर येथें आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर कांचेचे व दगडाचे प्राचीन मणी मिळाले. ब्रह्मपुरीचें उत्खनन १९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया आणि डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं केलें. यांपैकीं दीक्षितांनीं मणी आणि कांच या विषयांचा विशेष अभ्यास करून १९४९ मध्यें पांढरी नक्षी उमटवलेल्या भारतीय मण्यांवर, व पुढें १९६९ मध्यें भारतीय कांचेच्या इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध केले. संशोधकाच्या हातीं मणी येतो. ज्या दोऱ्यांत तो कधीं काळीं ओंवला होता तो दोरा मात्र मातींत मिसळून गेलेला असतो. मणी काळाला दाद देत नाहीं. दोऱ्याला मात्र माणसानेंच जपावें लागतें.

दोऱ्याला जपण्याची ही विद्या महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या पटवेकऱ्यांनीं सांभाळली. सोनारानें डाग घडवावा आणि पटवेकऱ्यानें तो गांठवावा, अशी कामाची वांटणी असे. गांठवायला बसलेला पटवेकरी एक पाय पुढें पसरतो, पायाच्या आंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवतो, आणि दुसरें टोंक हातांत धरून तो दोरा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ ठेवतो. चिंचपेटींतील मोत्यांच्या ओळी एकमेकींस लागून सरळ बसतात, वज्रटिकेंतील सोन्याचे बारीक मणी कापडी गादीवर रांग सोडीत नाहींत, याचें रहस्य कारागिराच्या बोटांइतकेंच त्याच्या आंगठ्यांत आहे. दोरा ताणलेला असेल तोंवर मणी आपली जागा सोडीत नाहीं. हात सैल पडला कीं ओळ वांकडी झालीच.

मण्यांचा माग म्हणजे या आंगठ्याची लांकडाची किंवा धातूची बदली होय. मागाचें तत्त्व इतकें सोपें आहे कीं, तें समजण्यास विणकराच्या घरीं जन्म घ्यावा लागत नाहीं. दोन टोंकांस दोन दांडे असतात. त्यांच्या दरम्यान उभे दोरे शेजारीं शेजारीं ताणलेले असतात. हा ताणा. एका लांब सुईंतून ओंवलेला आडवा दोरा मणी घेऊन या उभ्या दोऱ्यांतून जातो व परत येतो. हा बाणा. प्रत्येक मणी दोन उभ्या दोऱ्यांच्या मधोमध बसतो आणि मण्यांचें जणूं कापडच तयार होऊं लागतें. उत्तर अमेरिकेंतील आदिवासी जमाती वांकवलेल्या काठीच्या दोन टोंकांना दोरे ताणून धनुष्यासारखा माग करीत. काठी सरळ होऊं पाहते आणि दोऱ्यांना ताण देते. यापलीकडे त्यांत कांहीं यंत्र नव्हतें. हातानें दोरा ओढणारा पटवेकरी आणि काठी वांकवणारा तो दूरचा कारागीर, दोघेहि एकाच गोष्टीच्या मागें होते. ती गोष्ट म्हणजे न ढळणारा ताण.

रत्नागिरीच्या घरांना मणीकाम नवें नाहीं. रुखवतांत मांडलेलें मण्यांचें तोरण, तांब्याच्या तोंडावर घालावयाचें मण्यांचें झांकण, गणपतीपुढची महिरप, या वस्तु कोंकणांतील लेकीसुनांच्या हातांनीं केलेल्या अनेक घरांत आढळतात. परंतु हें काम बहुतेक जाळीचें असतें. एका सुईनें मण्याला मणी जोडीत जावयाचें. माग लागत नाहीं. जाळीचें काम लवचिक होतें, पण अंगावर सरळ बसणारी, अक्षरें किंवा वेलबुट्टी स्पष्ट दाखवणारी पट्टी हवी असेल तर मागासारखें साधन नाहीं. म्हणूनच हातांतील पट्ट्या, गळ्यालगतच्या माळा आणि कानांतले लोलक करून गणपति-दिवाळीच्या सुमारास भरणाऱ्या प्रदर्शनांत विकावे अशी इच्छा ज्या स्त्रियांना होते, त्यांची दृष्टि मागाकडे वळते. येथेंच पहिली चूक होण्याचा संभव असतो. माग घेतला जातो तो त्याचें रूप पाहून किंवा त्याची किंमत पाहून. त्यावर काय विणावयाचें याचा विचार मागाहून सुरू होतो.

खरा क्रम याच्या उलट आहे. आधीं दागिना ठरवावा, मग माग. मनगटावरची पट्टी सहा ते सात इंच लांब असते. चिंचपेटीच्या धर्तीची गळ्यालगतची पट्टी बारा-तेरा इंचांची होते. सुई फिरवण्यास आणि टोंकें पुरीं करण्यास जागा हवी म्हणून मागाच्या दोन दांड्यांमधील मोकळा भाग तयार पट्टीहून निदान चार इंच अधिक असावा. म्हणजे हातपट्टीस अकरा इंचांचा माग पुरे होतो, गळपट्टीस सतरा-अठरा इंचांचा लागतो. दहा इंची मागावर गळपट्टी करूं पाहणें म्हणजे चार हातांच्या अंगणांत आठ हातांचा मांडव घालण्यासारखें आहे.

बाजारांत जे माग मिळतात त्यांचे ढोबळ मानानें तीन प्रकार करतां येतील. पहिला, तारेची किंवा पत्र्याची लहान चौकट, दोन्ही टोंकांस फिरते दांडे आणि त्यांवर दोरे अलग ठेवणारी स्प्रिंग. हा सर्वांत स्वस्त. फिरत्या दांड्यावर झालेलें काम गुंडाळतां येतें, म्हणून लहान मागावर लांब पट्टी निघते, हा त्याचा गुण. आणि हाच त्याचा दोष. मण्यांचें कापड दांड्यावर गुंडाळलें कीं मण्यांच्या उंचसखलपणामुळें कांहीं दोरे जास्त ओढले जातात, कांहीं सैल पडतात. प्रत्येक वेढ्यांत जाड कागद घातला तर हा दोष कमी होतो, पण नाहींसा होत नाहीं. दुसरा प्रकार स्थिर मागाचा. एक भक्कम लांकडी पाट, दोन्ही टोंकांस दोन उभे खांब, त्यांवर खांचा किंवा स्प्रिंग, आणि एक खांब पुढेंमागें सरकवून घट्ट करण्यासाठीं स्क्रू. यावर मागाच्या लांबीपेक्षां मोठें काम होत नाहीं, पण जें होतें तें सरळ होतें. तिसऱ्या प्रकारांत एकच अखंड दोरा येरझाऱ्या घालीत ताण्याचें काम करतो; त्यामुळें शेवटीं मोकळीं टोंकें फार थोडीं राहतात. त्यावर दोरा चढवणें शिकाऊ हाताला जड जातें, म्हणून त्याची गोडी पहिल्या पांचसहा पट्ट्या विणून झाल्यावरच घ्यावी. केवळ दागिने करणारीस पहिल्या खेपेस दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे स्थिर माग घेणें श्रेयस्कर.

दुकानांत मागाची परीक्षा करण्यास दोन हात दोरा पुरतो. दोन्ही दांड्यांमध्यें चार-पांच दोरे बांधून स्क्रू आवळावा आणि बोटानें एकेक दोरा छेडावा. सगळ्यांचा सूर साधारण एक निघाला तर दांडे समांतर आहेत. एका बाजूचा सूर चढा आणि दुसऱ्या बाजूचा ढाला निघाला तर माग तिरपा आहे. नंतर मध्यावर दोऱ्यांना तळहातानें दाबून पाहावें. खांब आंत वांकले किंवा स्क्रू मागें फिरला तर तो माग कितीहि सुबक असला तरी घेऊं नये. स्प्रिंगचीं वेटोळीं जवळ जवळ आणि सारख्या अंतरावर असावीं. तीं मण्याच्या रुंदीपेक्षां फार दूर असलीं तर ताणा टोंकांशीं पंख्यासारखा पसरतो आणि पहिल्या कांहीं ओळी विणणें कष्टाचें होतें. शेवटीं, माग मांडीवर किंवा मेजावर न डगमगतां बसतो कीं नाहीं तें पाहावें. जें साधन तासन् तास समोर राहावयाचें, तें डोलत असेल तर पाठ आणि डोळे दोन्ही शिणतात.

रत्नागिरीच्या हवेचा विचार मात्र कोणताहि दुकानदार सांगत नाहीं. येथें वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि समुद्रावरून येणारा खारा वारा बारमास असतो. लोखंडी तारेचा माग आषाढांत तांबेरूं लागतो. तो गंज पांढऱ्या दोऱ्याला लागला कीं धुऊन निघत नाहीं, आणि मण्याच्या आंतून मळकट छटा दिसूं लागते. म्हणून धातूचे भाग पितळेचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे असावेत. लांकूड ओलाव्यानें फुगतें, पण तें मुख्यतः आडवें. रेषांच्या दिशेनें फारच थोडें. त्यामुळें मागाची लांबी बदलत नाहीं, परंतु भोकांत बसवलेला गोल दांडा पावसाळ्यांत असा आवळून बसतो कीं फिरवतां फिरत नाहीं. जुन्या, मुरलेल्या सागाचा माग या दृष्टीनें उत्तम. दांड्याच्या टोंकांस मेणबत्ती घासून ठेवली तर आणखी बरें. माग भिंतीला टेंकून ठेवूं नये. पावसाळ्यांत भिंतीहि पाणी धरतात. सुया घट्ट झांकणाच्या डबींत ठेवाव्या, आणि औषधाच्या बाटलींतून येणारी ओल शोषणारी पुडी त्या डबींत टाकून द्यावी.

हाताशीं पैसे बेताचे असतील तर पहिला माग विकत घेण्याचें कारणच नाहीं. जुन्या तसबिरीची किंवा शाळेच्या पाटीची लांकडी चौकट घेतली, तिच्या वरच्या व खालच्या पट्टीवर कानशीनें सारख्या अंतरावर बारीक खांचा पाडल्या आणि दोरा वरून खालीं असा गुंडाळीत नेला, कीं हातपट्टीपुरता माग तयार झाला. चौकटीचे सांधे मात्र पक्के हवेत आणि चारहि कोपरे काटकोनांत हवेत. दोन्ही कर्ण दोरीनें मोजून सारखे भरले तर कोपरे बरोबर आहेत असें समजावें. गांवच्या सुताराकडून अठरा इंचांचा स्थिर माग करून घेणेंहि अशक्य नाहीं. त्याला दाखवण्यास नमुना म्हणून हीच चौकट उपयोगी पडते. अशा चौकटीवर दोनतीन पट्ट्या विणल्या म्हणजे स्वतःला कोणता माग हवा हें कळतें, आणि मग केलेला खर्च वायां जात नाहीं.

मागाखालोखाल महत्त्व दोऱ्याचें. सुती दोरा मऊ आणि स्वस्त खरा, पण कोंकणच्या पावसांत त्याला बुरशी धरते आणि घामानें तो कुजतो. नायलॉनचा दोरा चिवट असतो. तथापि तो हवेंतील ओल शोषून थोडा लांबतो, आणि सकाळीं ताठ असलेला ताणा संध्याकाळीं सैल वाटूं लागतो. पॉलिएस्टर ओल जवळजवळ घेत नाहीं, म्हणून निदान उभ्या दोऱ्यांसाठीं तो अधिक विश्वासाचा. नायलॉनच वापरावयाचा असेल तर तो आधीं दोन्ही हातांनीं ओढून ताणून घ्यावा. आडव्या दोऱ्यास मधमाशांच्या मेणाचा हात दिला म्हणजे तो गुंतत नाहीं आणि मण्याच्या धारेनें लवकर झिजत नाहीं. मणीकामाची सुई लांब आणि बारीक असते. तिचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. दहा किंवा बारा नंबरची सुई नेहमींच्या कामास पुरते. तिचें नाकें अंगापेक्षां फुगीर नसतें, म्हणून ती एकाच मण्यांतून तीनचार वेळां जाऊं शकते. आणि मागाच्या कामांत तें जावेंच लागतें.

मण्यांच्याहि नंबराची रीत अशीच उलटी आहे. पंधरा नंबरचा मणी अकरा नंबरच्या मण्याहून बारीक. व्हेनिसजवळचें मुरानो बेट आणि बोहेमियांतील याब्लोनेत्स हीं गांवें कांचमण्यांसाठीं जगभर नांवाजलेलीं. आपल्या देशांत वाराणसी आणि आंध्रांतील पापनायडुपेट येथें कांचमणी होतात. साध्या गोल मण्यांत लहानमोठे मणी मिसळलेले असतात, म्हणून ते विणण्यापूर्वीं ताटलींत पसरून फार जाड, फार पातळ आणि तिरपे मणी बाजूला काढावे लागतात. १९८० च्या दशकांत जपानमध्यें आंखूड नळीच्या आकाराचे, अगदीं एकसारखे मणी निघाले. त्यांची किंमत अधिक, पण ओळी आपोआप सरळ बसतात. असा अकरा नंबरचा मणी सुमारें १.६ मिलिमीटर जाड आणि १.३ मिलिमीटर लांब असतो. या मापावरून गणित करतां येतें. अकरा मणी रुंद आणि सहा इंच लांब पट्टीस सुमारें ९५ ओळी, म्हणजे १,०४५ मणी लागतात. एका ग्रॅमांत असे सुमारें दोनशें मणी बसतात. म्हणजे एका पट्टीस पांच-सवापांच ग्रॅम मणी पुरले. रंगाची परीक्षाहि आधींच करावी. चारसहा मणी साबणाच्या पाण्यांत रात्रभर भिजवावे, चारसहा उन्हांत आठवडाभर ठेवावे, आणि न भिजवलेल्या मण्यांशीं ताडून पाहावे. वरून रंग दिलेला मणी येथेंच उघडा पडतो. गिऱ्हाइकाच्या गळ्यांत उघडा पडण्यापेक्षां तें बरें.

ताणा चढवतांना उभे दोरे मण्यांपेक्षां एकानें अधिक असावे लागतात. अकरा मण्यांच्या पट्टीस बारा दोरे. आणि कडेवर सर्वांत अधिक ओढ बसते म्हणून दोन्ही कडांचे दोरे दुहेरी घ्यावे, म्हणजे एकूण चौदा. सर्व दोरे एकाच बैठकींत आणि एकाच हाताच्या ओढीनें चढवावे. अर्धे सकाळीं आणि अर्धे दुपारीं चढवले तर त्यांचा ताण क्वचितच जुळतो. ताण किती असावा, याचें माप बोटांनीं शिकावें लागतें. सैल ताण्यांत मण्यांच्या फटींतून दोरा दिसतो आणि पट्टी लुळी पडते. फार आवळलेला ताणा मागावर छान दिसतो, पण पट्टी उतरवल्यावर दोरे आंखडतात आणि ती पापडासारखी वेडीवांकडी होते. बोटानें दाबल्यावर जो दोरा थोडा लवतो आणि सोडतांच जागेवर येतो, तो योग्य ताणाचा समजावा.

विणण्याची क्रिया अशी. आडव्या दोऱ्याचें टोंक डाव्या कडेच्या दोऱ्याला बांधावें. सुईवर नक्षींतील पहिल्या ओळीचे अकरा मणी डावीकडून उजवीकडे घ्यावे आणि ते ताण्याच्या खालून आडवे न्यावे. डाव्या हाताच्या तर्जनीनें ते खालून वर उचलले म्हणजे प्रत्येक मणी दोन उभ्या दोऱ्यांच्या मधें येतो. मग सुई उजवीकडून डावीकडे त्याच अकरा मण्यांतून, परंतु आतां उभ्या दोऱ्यांच्या वरून, परत न्यावी. अशा रीतीनें प्रत्येक उभा दोरा खालच्या आणि वरच्या दोऱ्यांच्या चिमट्यांत धरला जातो. सुई एखाद्या उभ्या दोऱ्याच्या खालून गेली तर तेथला मणी सैल राहून लोंबतो. उभ्या दोऱ्याला भोंसकून गेली तर पुढें ओळ सरकवतां येत नाहीं. म्हणून परतीच्या वाटेवर घाई करूं नये. प्रत्येक ओळ झाल्यावर बाणा हलकेच ओढावा. इतका नव्हे कीं कडा आंत वळतील. आडवा दोरा संपत आला कीं त्याची गांठ मण्याच्या भोकांत जाऊं देऊं नये, कारण पुढें टोंकें लपवण्यासाठीं सुईला त्याच भोकांतून जावयाचें असतें. जुना दोरा मागच्या ओळींतून फिरवून बाहेर काढावा, नवा तसाच आंत आणावा.

नक्षीसाठीं कशिद्याचा चौकटी कागद घरोघर सांपडतो. पण तो डोळे मिटून वापरूं नये. कागदावरचा चौकोन समचौरस असतो, गोल मणी मात्र मागावर रुंदीपेक्षां उंचीला अधिक भरतो. कागदावरचें गोल फूल त्यामुळें मण्यांत लांबट दिसतें. आधीं दहा ओळींचा नमुना विणून मापावा आणि त्याप्रमाणें फुलाच्या ओळी कमी कराव्या. फूल मधोमध हवें असेल तर मण्यांची संख्या विषम घ्यावी. नळीचे मणी दोऱ्याच्या जाडीसह जवळजवळ समचौरस भरतात, म्हणून त्यांवर कशिद्याचा नमुना बराचसा जसाच्या तसा उतरतो.

पट्टी विणून झाली म्हणजे काम झालें असें शिकाऊ हाताला वाटतें. वस्तुतः दागिन्याचें आयुष्य यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासांत ठरतें. पट्टी कापून उतरवली कीं दोन्ही बाजूंस मिळून अठ्ठावीस मोकळीं टोंकें हातांत येतात. तीं नुसतीं गांठ मारून कापलीं तर महिन्याभरांत गांठ सुटते आणि कडेचा पहिला मणी निसटतो. एक रीत अशी कीं, माग सोडण्यापूर्वींच दोन्ही टोंकांशीं मण्यांवांचून केवळ दोऱ्याची पाव इंच वीण घालावी, ती मागें दुमडून टांक्यांनीं बसवावी आणि तिच्यावर धातूची पट्टी व कडी-आंकडा लावावा. दुसरी रीत, प्रत्येक टोंक सुईनें मण्यांतून मागें नेऊन दोनतीन ओळींत जिरवणें. ही वेळखाऊ, पण सर्वांत पक्की. तिसरी पटवेकऱ्यांच्या परंपरेची. सगळीं टोंकें एकत्र घेऊन त्यांवर रेशमाचा वेढा घट्ट द्यावा, त्यांचा गोफ करावा आणि शेवटीं सरकत्या गांठीसह गोंडा बांधावा. घाम आणि खारी हवा लागून पितळेचा आंकडा हिरवा पडतो. गोंड्याला ती भीति नाहीं, आणि गळ्याच्या मापानें तो सैल-घट्टहि करतां येतो. नव्या मागावर विणलेल्या पट्टीला जुन्या गोंड्याची जोड मिळाली तर त्यांत विजोड कांहीं नाहीं. दोन्ही एकाच विद्येच्या शाखा आहेत.

आतां हिशेबाची बाजू. एका ओळीस दोन मिनिटें धरलीं तर ९५ ओळींस तीन तास दहा मिनिटें लागतात. ताणा चढवणें आणि टोंकें जिरवणें यांस आणखी दीड तास धरावा. एका हातपट्टींत पावणेपांच तासांचे श्रम गेले. अनेक स्त्रिया किंमत ठरवतांना मणी, दोरा आणि आंकडा यांचा खर्च मांडतात, वर थोडेसे पैसे ठेवतात आणि आपले तास हिशेबांत धरीतच नाहींत. जणूं ते घरकामांतून उरलेले, म्हणून फुकटच! असा हिशेब करणारीचें काम जितकें अधिक खपतें तितका तिचा तोटा वाढतो. प्रत्येक पट्टीसोबत तासांची नोंद एका वहींत ठेवावी आणि ती किंमतींत मांडावी. सैल मागामुळें फसलेल्या पट्टीची खरी किंमतहि याच वहींत दिसते. स्वस्त मागांत वांचलेले पैसे दोन वांकड्या पट्ट्यांत बुडून जातात. आणि विकल्यावर तुटलेल्या एका पट्टीनें जें नांव जातें त्याचा आंकडा तर कोणत्याच वहींत मांडतां येत नाहीं.

विकण्यापूर्वीं प्रत्येक पट्टी एक दिवस स्वतःच्या मनगटावर बांधून घरचीं सर्व कामें करावीं. भांडीं घांसावीं, विहिरीचें किंवा नळाचें पाणी भरावें, मूल कडेवर घ्यावें. संध्याकाळीं भिंगानें कडा पाहाव्या. एकहि दोरा वर आलेला नसेल तर ती पट्टी दुसऱ्याच्या हातीं देण्यास योग्य झाली. एखादा दोरा वर आलाच तर पट्टी पुन्हा सुईखालीं घ्यावी, आणि ती का उसवली हें पाहून पुढच्या पट्टींत तेवढी सुधारणा करावी. विकलेली पट्टी पुढें उसवली तर ती विनामोबदला दुरुस्त करून देण्याचें वचनहि द्यावें. हें वचन देतांना ज्या कारागिरणीचा हात कचरत नाहीं, तिला मागाची निवड साधली असें खुशाल समजावें.

पटवेकऱ्याचा आंगठा आतां थोड्या ठिकाणीं दिसतो, आणि त्याची जागा लांकडी पाटानें व स्क्रूनें घेतली आहे. साधन बदललें; कसोटी तीच राहिली. मण्यांचा रंग, नक्षीची शोभा, मागाची चकाकी हें सर्व डोळ्यांना दिसतें. दोरा दिसत नाहीं, आणि दिसूं नये असाच त्याचा धर्म आहे. गळ्यांतला दागिना घालून बाई ओढ्याकांठीं वांकते, देवळाच्या पायऱ्या चढते, मूल तिच्या गळ्याशीं झोंबतें, आणि तरीहि मणी आपापल्या जागीं राहतात, तेव्हां कोठेंतरी कोणीतरी एका सरळ मागावर सारख्या ताणाचे दोरे चढवलेले असतात. दागिना ‘वाढला’ असें म्हणण्याची पाळी त्या घरावर लवकर येत नाहीं.